लॉन्ड्रीची गाडी आणि मधला पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी लॉन्ड्रीची गाडी आहे, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून माझ्या चार चाकांवर उभी आहे, किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते, आणि या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले आहे. थोडा तोरा मिरवते असं वाटलं तर वाटू द्या. आधी सगळं ऐकून घ्या, मग नाकं मुरडा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आमच्या रांगेत एकाच साच्यातल्या साठ गाड्या होत्या. कुणी रुग्णवाहिका झाली, कुणी शाळेची गाडी झाली, एकीला तर कैदी नेण्याचं काम मिळालं. माझ्या नशिबी साबण आला. मला विकत घेतलं ते लॉन्ड्रीवाल्या मावशींनी. मावशी अंगाने काटकुळ्या, पण शिस्तीला भारी कडक. त्यांनी आल्या आल्या माझ्यात दोन बदल करून घेतले. ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढून तिथे इस्त्रीचे कोट टांगायला दांडा बसवला, आणि ड्रायव्हर व मागचा माल यांच्या मध्ये खालपासून छतापर्यंत एक अखंड पत्रा ठोकून घेतला. चादरीला डिझेलचा वास लागला तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं करणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो पत्रा माझा अभिमान होता. पंधरा वर्षं मी हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे आणि वकिलांचे काळे कोट वाहिले, पण एकाही कपड्याला माझा वास लागू दिला नाही. मावशी आल्यागेल्याला सांगायच्या की एक वेळ घड्याळ चुकेल, पण ही गाडी चुकायची नाही. असं कौतुक ऐकलं की इंजिनही जरा गोड चालतं.

पुढे हॉटेलांनी स्वतःची धुलाईयंत्रं घेतली आणि मावशींचे गुडघेही कुरकुरायला लागले. लॉन्ड्री बंद झाली. मला इमारतीच्या मागे नेऊन उभं केलं, ती मी पाच वर्षं तिथेच उभी होते. एका मांजरीने माझ्यात दोनदा पिल्लं घातली. डावीकडचा आरसा कुणीतरी पळवला. एका दिवट्याने माझ्या दारावरच्या धुळीत बोटाने लिहिलं, ‘मला धुवा’. जिने गावभराचे कपडे धुवायला पोचवले तिच्या अंगावर असं लिहावं, हे मला फार लागलं. मी त्या दिवसांत पुष्कळ रडले असते, पण गाडीला रडायची सोय नसते.

मग एके दिवशी सकाळी एक नवराबायको आले. नवरा माझ्या टायरांना लाथा मारून बघत होता आणि बायको मागे चढून टेपने माझी लांबी-रुंदी मोजत होती. नवरा बसचा ड्रायव्हर, बायको त्याच बसची कंडक्टर. अठ्ठावीस वर्षं दोघं एकाच मार्गावर, एकाच बसवर. चौतीस किलोमीटर जायचे, चौतीस किलोमीटर यायचे. लग्नही त्याच मार्गावर ओळख होऊन झालेलं. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले तेव्हा बाई म्हणाल्या की इतकी वर्षं आपण नुसते जाऊन परत आलो, आता एकदा रस्ता संपेपर्यंत सरळ जाऊ. रस्ता जिथे संपतो तिथे समुद्र होता, आणि तो दोघांनीही पाहिला नव्हता.

दोघांकडे पैसा बेताचाच. म्हणून तर त्यांना मी परवडले. हॉटेलात राहणं दूरच, हॉटेलात चहा प्यायचा तरी बाई दोनदा विचार करायच्या. त्यांनी जुने गणवेश उसवून त्यांची गादी शिवली. मागे एका फळीवर शेगडी, एका फळीवर डबे, कांदे-बटाट्यांच्या पिशव्या आणि पाण्याचा मोठा कॅन. ड्रायव्हरने माझ्या उजव्या कुशीत बाईंसाठी एक सरकती खिडकी बसवून दिली. पुढे सीट नव्हतीच, त्यामुळे बाई मागे बसणार हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. बाई आयुष्यभर मागेच होत्या. ड्रायव्हरच्या भाच्याने मला पाहून विचारलं की मामा, ही गाडी गावाच्या वेशीपर्यंत तरी जाईल का. त्या भाच्याची नवी गाडी पुढे वर्षभरात दोनदा दोरीने ओढून आणावी लागली, एवढंच सांगते.

निरोपाच्या दिवशी डेपोतल्या मेकॅनिकने त्यांना एक भेट दिली. त्यांच्या जुन्या बसची बेल. तीच बेल, तीच दोरी. ड्रायव्हर हरखून गेला. त्याने बेल माझ्या केबिनमध्ये बसवली, पत्र्याला एक भोक पाडलं आणि दोरी मागे थेट दारापर्यंत ताणून दिली. आता सगळं पूर्वीसारखं झालं. बाईंनी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. त्याने पुठ्ठ्यावर वेळापत्रकही लिहिलं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबा दहा मिनिटं.

पहिले बारा दिवस आम्ही झकास गेलो. मी एकदाही बंद पडले नाही. सपाट माळ, ऊसाचे मळे, विटांच्या भट्ट्या, एक एवढी मोठी नदी की पूल ओलांडताना मलाच धाप लागली. ड्रायव्हरची एक खोड मात्र जाईना. रस्त्यात बसथांबा दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. थांब्यावरची माणसं सामान उचलून पुढे यायची आणि माझ्या अंगावरचं लॉन्ड्रीचं नाव वाचून मागे व्हायची. बाई मागे पोट धरून हसायच्या.

पण मागे बसलेल्या बाईंची एक गोष्ट मला कळत होती, ती त्याला कळत नव्हती. पुढे काही सुंदर दिसलं की तो पत्र्यावर थाप मारून ओरडायचा, ते बघ. बाई खिडकीशी यायच्या तोवर ते मागे पडलेलं असायचं. नदी त्यांना संपल्यावर दिसली. मोरांचा थवा तर दिसलाच नाही. सुरुवातीला त्या ‘हो, बघितलं’ असं म्हणायच्या. सातव्या-आठव्या दिवसापासून त्यांनी उठायचंच सोडलं. बसल्या जागी ‘हो’ म्हणायच्या आणि बटाटे सोलत राहायच्या.

तेराव्या दिवशी एक चूक घडली, आणि ती या दोघांच्याच हातून घडू शकत होती.

सकाळी साडेदहाला आम्ही एका धान्याच्या गोदामाशेजारी थांबलो. तिथे रस्त्याकडेला नळ होता. बाई कॅन घेऊन उतरल्या. मोबाईल उशीखाली ठेवून गेल्या. जागा पुरत नाही म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी कांद्याची पिशवी बेलच्या दोरीला अडकवली होती. तेवढ्यात शेजारून एक मोठा ट्रक सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने मी हलले, पिशवीला झोका बसला आणि बेल वाजली. एकदा, आणि पाठोपाठ दुसऱ्यांदा. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, मी माणूस कमी झालेलं ओळखते. पंधरा वर्षं गाठोड्यांचं वजन अंगावर घेतलेली गाडी आहे मी. मी दोनदा खोकले. ड्रायव्हर म्हणाला, डिझेलमध्ये कचरा दिसतोय. मी एक आचका दिला. तो म्हणाला, पुढच्या थांब्यावर बघू. यापुढे माझ्या हातात काही नव्हतं.

चाळीस किलोमीटर गेल्यावर वेळापत्रकातला थांबा आला. तो थांबला. दहा मिनिटं झाली आणि तो बेलची वाट बघत बसला. बेल वाजेना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. हा माणूस पुठ्ठा आणि घड्याळ आलटून पालटून बघत होता, पण खाली उतरून मागे काय आहे ते बघावं हे त्याच्या मनात येत नव्हतं. बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, आणि बेल दिल्यावर ड्रायव्हर मागे बघत नाही. अठ्ठावीस वर्षं त्याने नोकरी अशीच केली होती. शेवटी तो चिडून उतरला आणि त्याने माझं मागचं दार उघडलं. आत शेगडी होती, गादी होती आणि दोरीला कांदे लटकत होते.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गादी उचलूनसुद्धा पाहिली, जणू बाई गादीखाली असतील. उशीखालचा मोबाईल हातात आला तेव्हा तो धावतच केबिनमध्ये चढला. परत येताना त्याने मला असं पळवलं की मावशींनी पाहिलं असतं तर त्याला कामावरून काढलं असतं. मी तक्रार केली नाही. मलाही घाई होतीच.

बाई गोदामाच्या सावलीत भरलेल्या कॅनवर बसल्या होत्या. दोन ट्रकवाल्यांनी त्यांना पुढे सोडतो म्हणून विचारलं होतं. आमची गाडी येईल, असं सांगून त्यांनी दोघांना लावून दिलं होतं. त्यांना धड पाहिल्यावर ड्रायव्हरच्या जिवात जीव आला, आणि घाबरलेली माणसं करतात तेच त्याने केलं. तो ओरडला.

“मग बेल कुणी दिली?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “बेल वाजली म्हणून गाडी सोडलीत. मी आत आहे की नाही, ते नाही बघितलंत.”

“इतक्या वर्षांत मला कधी मागे बघावं लागलं नाही. तू होतीस ना.”

“तेच सांगतेय. मी होते. बघितलं नाहीत.”

बाईंनी कॅन स्वतः उचलून आत ठेवला. मग त्यांनी, आवाज न चढवता, पुढच्या गावातून बस पकडून घरी जाणार असल्याचं सांगितलं. तुम्ही समुद्र बघून या, म्हणाल्या, मला नाहीतरी तो मागे गेल्यावरच दिसणार आहे. त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकून बोलल्या. मला त्या क्षणी खूप वाईट वाटलं, कारण त्या दोघांच्या मधे उभा होता तो माझाच पत्रा.

दोन वाजता आम्ही पुढच्या गावात पोचलो. बाई आपली पिशवी घेऊन बस डेपोत जाऊन बसल्या. परतीची बस पाच वाजता सुटणार होती. ड्रायव्हर डेपोबाहेर माझ्या पायरीवर बसला. अर्धा तास तो नुसता आपल्या हातांकडे बघत होता. मग तो उठला, केबिनमध्ये गेला आणि त्याने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. त्याच्या मनात काय आहे ते मी ताडलं.

त्या गावात धान्याच्या कोठ्या बनवणारा एक म्हातारा पत्रेवाला होता. सगळे त्याला ठोकआजोबा म्हणायचे. ड्रायव्हरने मला त्याच्या दारात उभं केलं आणि सांगितलं की मधला पत्रा कापायचा आहे आणि पुढे एक सीट बसवायची आहे. ठोकआजोबांनी मला आतून बाहेरून ठोकून पाहिलं. पत्रा काढला तर गाडी खिळखिळी होईल, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या द्याव्या लागतील, नीट काम हवं तर दोन दिवस लागतील, असं ते म्हणाले.

“पाच वाजता बस सुटते,” ड्रायव्हर म्हणाला. “बायको जाईल.”

ठोकआजोबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी एक कटर स्वतः घेतला आणि दुसरा ड्रायव्हरच्या हातात दिला.

मित्रांनो, दुखलं. खोटं कशाला सांगू. ठिणग्या उडत होत्या आणि मला माझ्या सगळ्या चादरी आठवत होत्या. पंधरा वर्षांचा माझा नावलौकिक त्या पत्र्यावर उभा होता. पण तो पत्रा चादरींसाठी ठोकला होता. त्याच्यामागे माणूस बसवायला नको होता. मी अंग ताठ धरलं आणि कापून घेतलं. पट्ट्या बसल्यावर मी पूर्वीइतकीच मजबूत उभी राहिले, हेही नोंदवून ठेवा.

सीटचं मात्र जमेना. ठोकआजोबांच्या भंगारात बसायची एकच वस्तू होती, एका मोडलेल्या सलूनमधली न्हाव्याची खुर्ची. लाल गादीची, मान टेकायला उशी असलेली, गोल फिरणारी. तिला फिरू नये म्हणून खालून दोन बोल्ट मारले, जीपचा एक जुना पट्टा लावला आणि ती माझ्या पुढच्या जागेत पक्की केली. कोटांच्या दांड्याच्या जागी आता सिंहासन आलं होतं.

पाचला दहा कमी असताना ड्रायव्हरने मला थेट डेपोत घातलं. तुम्हाला यातलं मोठेपण कळायचं नाही. खासगी गाडी डेपोत शिरली की याच माणसाने आजवर खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या होत्या. रखवालदार शिट्टी फुंकत मागे धावला. ड्रायव्हरने मला बाईंच्या बाकासमोर उभं केलं, तो उतरला आणि वळसा घालून त्याने माझं डावं दार उघडलं. त्याच्या केसांत लोखंडाचा कीस होता आणि शर्टाला तीन भोकं पडली होती.

बाईंनी आत बघितलं. “ही न्हाव्याची खुर्ची आहे.”

“हो. दुसरी मिळाली नाही.” रखवालदार शेजारी उभा राहून ओरडतच होता. “बेल काढून टाकलीय. मला मागे बघायची सवय नाही, आणि या वयात लागेल असं वाटत नाही. तू शेजारी बस.”

तिकडे पाचच्या बसने इंजिन सुरू केलं. तिच्या कंडक्टरने दारातून बाईंकडे पाहून, येताय ना, असं विचारलं. बाई उठल्या. त्यांच्या हातात पिशवी होती, आणि त्या कुठल्या बाजूला पाऊल टाकणार हे मला खरोखर कळत नव्हतं. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी खुर्चीचे दोन्ही बोल्ट हाताने हलवून पाहिले, पट्टा ओढून पाहिला, दार दोनदा उघडझाप करून पाहिलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाडी सुटण्याआधी असंच तपासलं होतं. सगळं ठीक वाटल्यावर त्यांनी पिशवी आत ठेवली, आणि तुम्ही आला नसतात तर मी खरंच गेले असते, असं त्याला ऐकवून त्या वर चढल्या. ड्रायव्हरने रखवालदाराची माफी मागितली. बस आपल्या रस्त्याने गेली.

यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. बाईंना रस्ता पहिल्यांदा समोरून येताना दिसत होता. डोंगर आधी निळे दिसायचे, मग हिरवे व्हायचे, मग आमच्या अंगावर यायचे, आणि बाई प्रत्येक वळणावर पुढे वाकायच्या. त्या जिथे थांबा म्हणतील तिथे तो थांबायचा. एकदा तर नुसत्या एका ओळीत चालणाऱ्या बदकांसाठी आम्ही पाऊण तास थांबलो. वेळापत्रकाच्या पुठ्ठ्यावर बाई आता कांदे चिरत. डिझेलचा वास त्यांच्या गादीला लागला, पण त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. भांडणंही व्हायची, रस्ता कुठला धरायचा यावरून तर रोज व्हायची. पण आता दोघंही नकाशाच्या एकाच बाजूला बसून भांडायचे.

एकविसाव्या दिवशी दुपारी रस्ता वाळूत शिरला आणि संपला. समोर समुद्र होता. मी लॉन्ड्रीची गाडी, पाण्याचं मला काय अप्रूप, पण एवढं पाणी पाहून माझंही इंजिन क्षणभर चुकलं. ड्रायव्हरने किल्ली फिरवून मला बंद केलं, बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाई झोपल्या होत्या. न्हाव्याच्या खुर्चीत मान टेकवून, तोंड किंचित उघडं, हातात अर्धा सोललेला बटाटा. चालत्या गाडीत झोपायची मुभा कंडक्टरला कधी नसते. बाई आयुष्यात पहिल्यांदा अशा झोपल्या होत्या.

त्याने त्यांना उठवलं नाही. तो खाली उतरला नाही, काच खाली केली नाही, खोकलासुद्धा नाही. ज्यासाठी एवढा देश ओलांडला ते पाणी समोर चमकत होतं आणि हा माणूस डावीकडे मान वळवून बायकोकडे बघत बसला होता. उन्हं कलली. लाटा बऱ्याच आत गेल्या. एक कुत्रा येऊन माझ्या सावलीत झोपला आणि उठून गेलाही.

मग बाईंनी डोळे उघडले. समोरचं सगळं पाहून त्या खुर्चीत पुढे वाकल्या. नंतर हळूच विचारलं, “कधी आलो?”

“हे काय, आत्ताच,” तो म्हणाला.

मित्रांनो, तेव्हा माझं बॉनेट गार पडून दोन तास झाले होते. मला वाचा असती तरी मी ते बाईंना सांगितलं नसतं.

आज मी त्यांच्या घरासमोर उभी असते. अंगावर ओरखडे आहेत, आणि पुढची लाल खुर्ची पाहून गल्लीतली मुलं मला सलूनची गाडी म्हणतात. म्हणोत. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी गाडी असली तर तिच्या चाकांत हवा भरा, तेल बदला, तिला पावसात कुजू देऊ नका; ती तुम्हाला खाली बघायला लावणार नाही. आणि कुठे निघालात तर बरोबरचं माणूस बसलंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच किल्ली फिरवा. ते दमून झोपलं असलं, तर समुद्र कुठे पळून जात नाही. तुम्हीही थोडं थांबा.